सुट्टीतील खोल समुद्रातली मासेमारी : सेलफिश-मार्लिनचा गळ खरोखर शिकता येतो का?

पाणकावळा (धागाकर्ता) :

नमस्कार मंडळी,

येत्या सुट्टीत उष्णकटिबंधातल्या एका समुद्रकिनारी रिसॉर्टवर मुक्काम ठरला आहे आणि तेथून खोल समुद्रात सेलफिश व मार्लिन यांच्या मासेमारीसाठी बोटी सुटतात. तळ्याकाठी आणि खाडीत गळ टाकण्याचा थोडाफार अनुभव गाठीशी आहे, परंतु या लांब चोचीच्या मोठ्या माशांशी आजवर गाठ पडलेली नाही. रिसॉर्टच्या माहितीपत्रकात 'पूर्वानुभवाची आवश्यकता नाही, सर्व काही आमचे कर्मचारी पाहतील' असे आश्वासन दिले आहे आणि नेमके तेच मला खटकते आहे. सर्व काही त्यांनीच पाहायचे असेल, तर माझ्या हाती काय उरते? रीलचा, म्हणजे दोरी गुंडाळणाऱ्या चाकाचा, दांडा फिरवायचा, छायाचित्र काढून घ्यायचे आणि परत यायचे, यात मला फारसे स्वारस्य नाही. मासा मिळाला नाही तरी चालेल, पण ही विद्या थोडी तरी अंगी लागावी, अशी इच्छा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गळकरी :

आपली शंका रास्त आहे. भाड्याच्या बोटीवर पाहुण्याच्या वाट्याला काय येते, हे त्याच्या अनुभवापेक्षा बोट कोणत्या पद्धतीने मासेमारी करते यावर अधिक अवलंबून असते. म्हणून आधी त्या दोन पद्धती समजून घ्याव्यात.

पहिली पद्धत लूर, म्हणजे कृत्रिम आमिष, ओढण्याची. बोट सात ते नऊ नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने चालते आणि तिच्या मागे प्लास्टिकचे झालरदार लूर वेगवेगळ्या अंतरांवर उसळ्या घेत राहतात. दोन जवळच्या दोऱ्या बोटीच्या फेसाळ पाण्यात, दोन-तीन लांबच्या दोऱ्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या आउटरिगरच्या दांड्यांवरून, आणि एखादी अगदी मागे मध्यभागी, अशी ती मांडणी असते. रॉड खोबणीत उभे असतात आणि रीलचा ड्रॅग, म्हणजे ब्रेक, आधीच आवळून ठेवलेला असतो. मासा झडप घालतो तेव्हा बोटीच्या वेगानेच गळ रुततो. पुढे खलाशी रॉड काढतो, आपल्याला खुर्चीत बसवतो आणि तो आपल्या हाती देतो. मोठ्या मार्लिनसाठी ही पद्धत उत्तम आहे, कारण कमी वेळात बराच समुद्र पालथा घालता येतो. परंतु मासा गळाला लागण्याच्या क्षणी शिकाऊ माणसाला करण्यासारखे तिच्यात काहीही नसते.

दुसऱ्या पद्धतीत बोट चार ते सहा नॉटने चालते आणि मागे गळ नसलेले टीझर ओढले जातात. टीझरला भुलून मासा वर आला की खलाशी तो टीझर भराभर बोटीकडे खेचून घेतो आणि त्याच वेळी मासेमाराने गळ लावलेले खरे आमिष, बहुधा बॅलीहू हा लहान मासा, त्या माशाच्या तोंडापुढे सोडायचे असते. चिडलेला मासा हातून निसटलेल्या टीझरऐवजी हे आमिष उचलतो. आमिष केव्हा सोडायचे, दोरी किती द्यायची, ड्रॅग केव्हा चढवायचा, हे सारे निर्णय रॉड धरणाऱ्याचे असतात. शिकण्यासारखे जे आहे ते इथेच आहे.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की मार्लिनचा मोह पहिल्या खेपेस बाजूला ठेवावा आणि सेलफिश, नैसर्गिक आमिष व सर्कल हुक (टोक आत वळलेला गळ) यांवर भर देणारी बोट शोधावी. प्रशांत महासागरातील सेलफिश साधारण ३० ते ४५ किलोचा असतो, बरेचदा टोळीने वर येतो आणि नेटाने खेळवल्यास दहा-वीस मिनिटांत बोटीजवळ येतो. म्हणजे चुकले तरी त्याच दिवशी पुन्हा संधी मिळते. मार्लिनच्या मागे दिवसभर फिरून एकदाही झडप न पडणे ही नित्याची बाब आहे, आणि जी गोष्ट दिवसातून एकदा घडली तर घडते ती शिकायची कशी?

टिटवी :

गळकरी यांच्या म्हणण्याला माझ्या अनुभवाची जोड देते. मी गेले होते त्या बोटीचे नाव घेत नाही. खलाशी अत्यंत चपळ व मनमिळाऊ होता, पण झडप पडली की तो माझ्या खांद्यावरून हात घालून रॉड उचलायचा, गळ रुतवायचा आणि मग हसतमुखाने माझ्या हाती द्यायचा. मी दोनदा विनंती केली. त्यावर 'मासा सुटला तर तुम्हीच नाराज व्हाल' असे उत्तर मिळाले. त्याचेही फारसे चुकत नसावे. बहुतेक पाहुण्यांना मासा हवा असतो आणि खलाशाची बक्षिसी त्यावर ठरते. शिकणारा पाहुणा त्याच्या हिशेबात बसतच नाही. त्यामुळे ही गोष्ट धक्क्यावर नव्हे, तर बोट ठरवतानाच, शक्यतो खुद्द कप्तानाशी बोलून स्पष्ट करावी.

या संदर्भात एक नियम माहीत असावा. आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटना, म्हणजे १९३९ मध्ये स्थापन झालेली इग्फा, विक्रमांसाठी जे नियम लावते, त्यांनुसार माशाने झडप घातल्यापासून तो बोटीशी येईपर्यंत रॉड, रील वा मुख्य दोरीला मासेमाराखेरीज कोणी हात लावल्यास तो मासा त्याच्या नावे धरला जात नाही. रॉड खोबणीत असला, तर तो मासेमाराने स्वतः आणि तातडीने काढायचा असतो. आपल्याला विक्रम करायचा नाही हे मान्य, परंतु 'इग्फाच्या नियमांप्रमाणे मासेमारी करायची आहे' एवढे म्हटले की कप्तानाला आपले म्हणणे लांबण न लावता कळते.

पाणकावळा :

दोघांचेही आभार. टिटवी, हा नियम मला ठाऊक नव्हता आणि तो फारच उपयोगी पडेल. गळकरी, आमिष सोडल्यापासून मासा गळाला लागेपर्यंत नेमके काय करायचे, हे जरा तपशिलात सांगाल का? काठावरच्या मासेमारीत तरंगी बुडाली की हिसका द्यायचा, एवढेच मला येते.

गळकरी :

तो हिसका घरी ठेवून जावे, हे पहिले. सर्कल हुकची रचना समजली की कारण लक्षात येईल. या गळाचे टोक सरळ वर न जाता आत दांड्याकडे वळलेले असते. माशाने आमिष गिळले, तोंड मिटले आणि तो वळून निघाला, की हळूहळू वाढणाऱ्या ताणाने गळ घशातून घसरत जबड्याच्या कोपऱ्याशी येतो, तेथे कड सापडते आणि गळ फिरून रुततो. हे काम मासा आणि दोरी मिळून करतात. हिसका दिला, तर गळ फिरण्यापूर्वीच तोंडातून सरळ बाहेर येतो. तळ्यावर वर्षानुवर्षे मासे धरणारे लोक पहिल्या दिवशी इथे एकामागून एक सेलफिश गमावतात आणि कधी गळ न धरलेला माणूस सांगितलेले निमूट ऐकून मासा लावतो, याचे कारण हेच.

आता क्रम. आमिष पाण्यात गेले की रील मोकळी असते, म्हणजे ड्रॅगचा लिव्हर अगदी मागे, आणि गुंडाळीवर केवळ आपला अंगठा असतो. पतंगाला ढील देताना मांजा बोटांतून जसा सोडतो, तितकाच दाब ठेवावा. दाब अजिबात नसेल तर गुंडाळी दोरीपेक्षा वेगाने फिरून गुंता होतो. जास्त झाला तर माशाला ओढ जाणवते आणि तो आमिष टाकून देतो. रॉडचे टोक खाली, माशाच्या दिशेने असावे. लाटेमागे आधी एक तपकिरी-जांभळी सावली दिसते. उत्तेजित झालेला मासा रंग पालटतो आणि त्याच्या अंगावरच्या निळ्या पट्ट्या पाण्यातूनही झळकतात. तो चोचीने आमिषाला फटका मारील. त्या वेळी अंगठ्याखाली नुसता ठोका जाणवतो, दोरी सुटत नाही. हा ठोका म्हणजे झडप नव्हे. काही करू नये. त्यानंतर दोरी एकदम, सलग आणि वाढत्या वेगाने सुटू लागते. आता मासा आमिष घेऊन वळला आहे. इथून तीन ते पाच सेकंद थांबायचे. ही सेकंदे फार लांब वाटतात, कारण सगळी बोट ओरडत असते. मग लिव्हर सावकाश, एका लयीत, 'स्ट्राइक'च्या खुणेपर्यंत पुढे न्यावा, रॉड उचलू नये आणि दोरी ताठ होईपर्यंत रील फिरवावी. रॉड वाकला आणि वाकलेलाच राहिला, की गळ लागला. मगच टोक वर घ्यावे.

पुढे मासा उड्या मारील. तो हवेत असताना रॉडचे टोक त्याच्याकडे झुकवून दोरीचा ताण कमी करावा, पाण्यात पडला की पुन्हा ताठ करावी. तो पळत असेल तेव्हा रील फिरवणे व्यर्थ असते. ड्रॅग घसरत असताना दांडा फिरवला तर दोरीला पीळ पडतो आणि हात फुकट दुखतात. तो थांबला की रॉड सावकाश वर उचलावा आणि खाली आणताना रील फिरवावी. उचल लहान ठेवावी. रॉड थेट डोक्यामागे नेऊन सबंध अंगाने ओढणारे पाहुणे छायाचित्रात शोभून दिसतात, पण त्यांची पाठ पहिल्याच माशाला जाते.

शिंपला :

गळकरी यांनी ड्रॅगचा उल्लेख ओघात केला, परंतु नवशिक्यांच्या दोऱ्या बहुतेक वेळा इथेच तुटतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ड्रॅग म्हणजे रीलमधील घर्षणाचा ब्रेक. किती जोर लागल्यावर दोरी सुटू द्यायची, ते त्यावर ठरते. 'स्ट्राइक'च्या खुणेवर तो दोरीच्या तुटण्याच्या क्षमतेच्या साधारण पाव ते एक-तृतीयांश इतका लावतात. ३० पौंडी दोरी असेल तर आठ ते दहा पौंड. हे अंदाजाने नव्हे, तर दोरी रॉडच्या कड्यांतून ओवून टोकाला काट्याला जोडून, रॉड वाकवून मोजायचे असते. सकाळी बोट धक्क्यावर असताना खलाशाला हे करून दाखवायला सांगावे. काटा आठ पौंड दाखवतो तेव्हा हाताला काय जाणवते, ते एकदा कळले की दिवसभर उपयोगी पडते.

आता यातली मेख पाहा. ब्रेकचे आघूर्ण, म्हणजे गुंडाळी फिरण्याला होणारा विरोध, तेच राहते, परंतु मासा दोरी घेऊन पळाला की गुंडाळीचा व्यास कमी होत जातो. व्यास निम्मा झाला, की तीच दोरी ओढायला दुप्पट जोर लागतो. म्हणजे आपण लिव्हरला हात न लावताही आठाचे सोळा पौंड झालेले असतात. त्यात पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या शेकडो मीटर दोरीचा विरोध मिळवा. मासा दिशा बदलून आडवा पळाला, तर दोरीला पाण्यात मोठा बाक येतो आणि हा विरोध आणखी वाढतो. म्हणून दोरी भराभर संपताना दिसली की नवशिक्याचा हात लिव्हर पुढे ढकलायला जातो, आणि करायचे असते नेमके उलट : ड्रॅग कमी करायचा आणि कप्तानाला बोट मागे घेऊ द्यायची. दोरी परत आली, गुंडाळी भरली, की मगच ड्रॅग पूर्ववत करायचा.

पाणकावळा :

शिंपला, हे गणित कोणत्याही माहितीपत्रकात वाचायला मिळाले नसते. म्हणजे मासा लांब असताना सैल आणि जवळ आल्यावर घट्ट, असे समजू का?

शिंपला :

जवळ आल्यावरही बेताने. बोट पाहून मासा शेवटची धाव घेतो आणि त्या वेळी बाहेर दोरी थोडीच असल्याने धक्का शोषून घ्यायला तिचा ताणही मिळत नाही. त्यामुळे त्याच्याकडे टक लावून तयार असलेलेच बरे. हात लिव्हरवर ठेवावा.

अबोली :

चर्चेत विरस करण्याचा हेतू नाही, पण एक प्रश्न मनापासून विचारते. खायचा नाही, विकायचा नाही, मग एखाद्या प्राण्याच्या जबड्यात लोखंड अडकवून त्याला दमेपर्यंत ओढायचे आणि शेवटी 'सोडून दिला' म्हणून समाधान मानायचे, यात नेमका कोणता खेळ आहे? आणि सोडलेला मासा जगतो, हे कोणी पाहिले आहे?

खारेपाणी :

अबोली, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येते, पहिल्याचे प्रत्येकाने आपापले द्यायचे आहे.

मासे जगतात का, हे उपग्रहाला माहिती पाठवणाऱ्या खुणा लावून तपासले गेले आहे. पश्चिम अटलांटिकमध्ये पकडून सोडलेल्या पांढऱ्या मार्लिनवरचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्कल हुकवर आलेले २० पैकी २० मासे पुढील दिवसांत जिवंत आढळले, तर पारंपरिक जे-आकाराच्या गळावरील २० पैकी १३ च जगले. जे-गळ बरेचदा घशात वा पोटात रुततो आणि आतला रक्तस्राव बाहेरून दिसत नाही. बोटीपासून झोकात पोहत गेलेला मासाही नंतर मरू शकतो. अशाच प्रकारच्या संशोधनानंतर अमेरिकेने २००८ पासून अटलांटिकमधील बिलफिश (मार्लिन-सेलफिशसारखे चोचीचे मासे) स्पर्धांत नैसर्गिक आमिषासोबत सर्कल हुक बंधनकारक केले, आणि तेही टोक बाजूला न मुरडलेले. कोस्टा रिका व ग्वाटेमाला या देशांतही नैसर्गिक आमिषाला सर्कल हुकच लावावा लागतो. मेक्सिकोने किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांच्या पट्ट्यात मार्लिन व सेलफिश केवळ क्रीडा-मासेमारीसाठी राखून ठेवले आहेत.

तथापि याचा अर्थ सोडलेला प्रत्येक मासा सुखरूप असतो, असा नाही. हे मासे कल्ल्यांची उघडझाप करून श्वास घेत नाहीत. तोंड उघडे ठेवून सतत पुढे पोहत राहिले, तरच कल्ल्यांवरून पाणी वाहते आणि प्राणवायू मिळतो. दमलेला मासा थांबला की गुदमरतो. म्हणून त्याला बोटीवर उचलून मांडीवर घेऊन छायाचित्र काढणे ही सर्वांत वाईट प्रथा आहे. जबाबदार बोटीवर मासा पाण्यातच ठेवतात. खलाशी हातमोजा घालून चोच धरतो (ती खरकागदासारखी खरखरीत असते), बोट मंद गतीने पुढे चालू ठेवतात, रंग परत येईपर्यंत आणि माशाने स्वतःहून शेपटी मारीपर्यंत त्याला पाण्यातून पुढे नेतात आणि मग हात सोडतात. गळ सहज निघत नसेल, तर लीडर, म्हणजे गळाला जोडलेला दोरीचा शेवटचा मजबूत तुकडा, गळाशी कापावा. हलकी दोरी वापरून तासन्तास मासा खेळवण्यात पुष्कळांना पुरुषार्थ वाटतो. माशाच्या दृष्टीने ती शुद्ध हानी आहे.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. अटलांटिकमधील निळ्या मार्लिनची संख्या घटण्यास प्रामुख्याने ट्यूना व स्वोर्डफिशसाठी सोडलेल्या मैलोगणती लांब व्यापारी गळदोऱ्या कारणीभूत आहेत. त्यांवर मार्लिन अनाहूतपणे अडकून मरतात. याने क्रीडा-मासेमारीचे समर्थन होते असे मी म्हणणार नाही, पण प्रमाण ध्यानात असावे.

अबोली :

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. माझे मत बदलले नाही, पण जी माणसे जाणारच आहेत त्यांनी निदान सर्कल हुक आणि पाण्यातच सुटका, या दोन अटी घालाव्यात, एवढे मी म्हणेन.

पाणकावळा :

अबोली, दोन्ही अटी मी कप्तानाला आधीच लिहून कळवीन. छायाचित्र पाण्यातल्या माशाचे काढले तरी मला पुरे.

दीपस्तंभ :

सेलफिश ताशी ११० किलोमीटर वेगाने पोहतो, म्हणून त्याला आवरणे अशक्य असते, असे सर्वत्र वाचायला मिळते. यावर कोणी प्रकाश टाकील का?

खारेपाणी :

तो जुना आकडा आता शास्त्रज्ञ मानत नाहीत. अलीकडच्या मोजमापांत सेलफिशच्या जोराच्या धावेचा वेग ताशी ३०-३५ किलोमीटरच्या आसपास आढळला. शिकारीत त्याचा भर वेगापेक्षा चोचीवर असतो : लहान माशांच्या थव्यात ती हळूच सरकवायची आणि आडवा फटका मारायचा. शिवाय या माशांच्या डोळ्यांजवळ स्नायूंपासून बनलेले उष्णता निर्माण करणारे इंद्रिय असते, त्याने डोळे व मेंदू गार पाण्यातही ऊबदार राहतात आणि नजर तल्लख राहते. वेडेवाकडे फिरणारे, गळावर तिरके लावलेले आमिष त्याला लगेच ओळखू येते. खलाशी सकाळी एकेक बॅलीहू इतक्या निगुतीने का बांधत बसतो, त्याचे हे कारण आहे. तो बांधत असताना शेजारी बसून पाहावे.

टिटवी :

बोट लागण्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात. औषध निघण्याच्या आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी घ्यावे. पोटात ढवळू लागल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग होत नाही. ज्यांना काही आजार वा चालू औषधे आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारावे. अगदी उपाशी जाऊ नये, तेलकट खाऊन जाऊ नये. बोटीच्या मध्यापासून मागे, उघड्या हवेत आणि धुरापासून दूर बसून क्षितिजाकडे पाहावे. खालच्या केबिनमध्ये जाऊन आडवे होण्याचा मोह टाळावा, आणि मोबाइलमध्ये तर मान घालूच नये.

गळकरी :

सुरक्षिततेचेही बोलून घेतो, कारण पाहुण्यांना ते क्वचितच सांगितले जाते. मासा बोटीजवळ आला की खलाशी हाताने लीडर धरतो. इग्फाच्या नियमांत ३० फुटांपर्यंतचा लीडर चालतो, म्हणजे बोटीत बरीच सैल दोरी पायांशी पडू शकते. तिच्या वेटोळ्यात पाय ठेवू नये आणि खलाशी व मासा यांच्या मध्ये उभे राहू नये. बोटीशेजारी आलेला सेलफिश अचानक उडी मारतो आणि चोच कोणत्या दिशेने येईल, हे सांगता येत नाही. माणसे गंभीर जखमी झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. लीडर आपण स्वतः धरण्याचा हट्ट तर अजिबात धरू नये. हाताला वेढा घेण्याची आणि तो क्षणात सोडण्याची जी पद्धत आहे, ती सहलीत शिकण्याची गोष्ट नव्हे.

दीपस्तंभ :

ठिकाण आणि हंगाम यांचा प्रश्न राहिलाच. धागाकर्त्याचे रिसॉर्ट ठरले आहे, पण इतर वाचकांना उपयोग व्हावा.

गळकरी :

शिकण्यासाठी सेलफिश हवा असेल, तर ग्वाटेमालाचा प्रशांत किनारा अव्वल. तेथे नोव्हेंबर ते मे हा भर हंगाम आणि टीझरला भुलवून आमिष देण्याची पद्धत तेथील बोटींच्या अंगवळणी पडलेली आहे. कोस्टा रिकाच्या मध्य प्रशांत किनाऱ्यावर डिसेंबर ते एप्रिल चांगला. मेक्सिकोत कॅरिबियन बाजूस इस्ला मुहेरेस येथे हिवाळ्याच्या उत्तरार्धात सेलफिश तारलीसारख्या लहान माशांचे थवे घेरतात. तेथे पाण्यावर घिरट्या घालणारे फ्रिगेट पक्षी शोधणे हीच अर्धी मासेमारी असते.

मार्लिनच हवा असेल तर गोष्ट निराळी. हवाईतील कोना येथे ज्वालामुखीचा उतार थेट अथांग पाण्यात जातो, त्यामुळे किनारा सोडल्यावर थोड्याच वेळात मार्लिनच्या समुद्रात पोहोचता येते, आणि पर्वतांच्या आडोशामुळे पाणीही बरेच शांत असते. ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळ ग्रेट बॅरियर रीफच्या बाहेरच्या कडेला सप्टेंबर ते डिसेंबरदरम्यान काळ्या मार्लिनच्या अजस्र माद्या येतात. या कुळात प्रचंड वाढतात त्या माद्याच, नर त्यांच्यापुढे किरकोळ दिसतात. आजही अबाधित असलेला १,५६० पौंडांचा काळ्या मार्लिनचा विक्रम मात्र पेरूमधील काबो ब्लांको येथे १९५३ मध्ये आल्फ्रेड ग्लासेल यांनी नोंदवला. केनियातील वाटामू-मालिंदीच्या पाण्यात मार्लिनच्या तीन जाती, सेलफिश आणि रात्री स्वोर्डफिश असे सारेच मिळतात.

ठिकाण कोणतेही असो, खोल निळे पाणी धक्क्यापासून किती लांब आहे, हे आधी विचारावे. ते दोन तासांवर असेल, तर अर्ध्या दिवसाची फेरी घेणे म्हणजे बहुतांश पैसे इंधनावर घालणे होय. अशा ठिकाणी एकच पूर्ण दिवस घ्यावा.

पाणकावळा :

सर्वांच्या सूचना एकत्र करून कप्तानाला पुढीलप्रमाणे लिहिण्याचे योजले आहे : 'मला सेलफिशची मासेमारी शिकायची आहे. नैसर्गिक आमिष व सर्कल हुक वापरावेत. आमिष सोडणे, गळ लावणे व मासा खेळवणे हे मी स्वतः करीन. मासा सुटला तरी माझी तक्रार असणार नाही. चुकत असेल तेथे तोंडी सांगावे, रॉडला हात लावू नये. मासा पाण्याबाहेर काढू नये. निघण्यापूर्वी धक्क्यावर रील व ड्रॅग समजावून द्यावा.' यात काही राहिले आहे का? आणखी एक अडचण म्हणजे मी डावखुरा आहे.

टिटवी :

मजकूर चोख झाला आहे. 'पहिला मासा खलाशाने लावून दाखवावा' एवढी भर घालावी, असे सुचवते. एकदा डोळ्यांनी पाहिले की तीन-चार सेकंदे म्हणजे किती, याचा अदमास येतो. शिवाय बोटीवरच्या लोकांनाही आपले कसब दाखवायची संधी मिळते आणि ते मोकळेपणाने शिकवतात. शेवटी मासा मिळो न मिळो, बक्षिसी शिकवण्याबद्दल द्यावी आणि तसे त्यांना सकाळीच सांगून टाकावे.

शिंपला :

डावखुरेपणाबद्दल : मोठ्या मासेमारीच्या जवळजवळ सर्व लिव्हर-ड्रॅग रीलचा दांडा उजव्या बाजूस असतो आणि भाड्याच्या बोटीवर डाव्या दांड्याची रील मिळणे अवघड. पण यात तोटा कमी आणि फायदा अधिक आहे. खरे कष्ट रॉड उचलणाऱ्या हाताला पडतात आणि या रचनेत तो डावा, म्हणजे आपला बळकट हात असतो. सवय करायची आहे ती उजव्या हाताने न अडखळता दांडा फिरवण्याची, आणि रील मोकळी असताना गुंडाळीवर अंगठा ठेवण्याची. धक्क्यावर खलाशाला दोरीचे टोक धरून चालत जायला सांगावे आणि आपण अंगठ्याने दोरी सोडत, मग लिव्हर सावकाश चढवत सराव करावा. तो आधी रमतगमत चालेल, मग त्याला एकदम पळायला सांगावे. गुंता झालाच तर तो धक्क्यावर झालेला बरा.